छत्रीचे टाके

मृगाचा पाऊस सुरू होण्यापूर्वीं माळ्यावरच्या छत्र्या खालीं येतात आणि घरांतील कोणीतरी वडील माणूस त्या एकेक उघडून पाहतें. कापड धड असतें, काड्याहि सरळ असतात. तरी एखादी छत्री निरुपयोगी निघते, कारण ज्या दोन-तीन टाक्यांनीं कापड काडीला धरून ठेविलेलें असतें ते टाके तुटलेले असतात. वारा आला कीं कापड एकीकडे आणि काडी दुसरीकडे! या महिन्यांत आम्ही वाचकांपुढें जो विषय मांडणार आहों तो या टाक्यांचाच आहे. मात्र आमची छत्री इतकी लहान आहे कीं अशा शंभर छत्र्या ओळीनें मांडल्या तर कोठें एक मिलिमीटर भरेल.

ती शोधण्यास फार दूर जावयास नको. पालघर जिल्ह्याच्या उत्तर टोकाचे डहाणू आणि तलासरी हे तालुके डोळ्यांपुढें आणा. समुद्राच्या अंगास बोर्डी-घोलवडच्या चिकूच्या वाड्या आणि डहाणूची खाडी. पूर्वेस चढत गेलेलें सागाचें रान, वारल्यांचे पाडे, भाताचीं खाचरें. आणि तलासरीच्या पलीकडे एका बाजूस गुजरात तर दुसऱ्या बाजूस दादरा-नगरहवेली. भाद्रपद संपत आला, पावसाचा जोर ओसरला आणि ऊन्ह पडूं लागलें, म्हणजे खाचरांच्या कडेस आणि म्हशी डुंबतात त्या डबक्यांत पाणी हिरवें होतें. "पाण्यावर शेवाळ आलें," असें आपण म्हणतों. पण ओंजळभर पाणी घेऊन पाहा. कधीं बोटांना तंतू लागतात, आणि कधीं कांहींच लागत नाहीं. पाणीच जणूं हिरव्या रंगाचें असतें. आमचा विषय हें दुसरें पाणी होय. त्यांत तंतू नाहींत, पान नाहीं, मूळ नाहीं. एकेका पेशीचा एकेक स्वतंत्र जीव, आणि असे लक्षावधि जीव एका पेल्यांत.

शाळेंतील साध्या सूक्ष्मदर्शक यंत्राखालीं त्या पाण्याचा थेंब ठेविला तर बहुधा दोन प्रकारचीं कुळें ओळखूं येतात. पहिलें युग्लिना. हा जीव चातीसारखा, दोन्ही टोकांस निमुळता. वाट अडली कीं अंग आक्रसून गोळा होतो, पुन्हां लांबतो, आणि एखाद्या जळवेप्रमाणें वळवळत पुढें सरकतो. दुसरें क्लॅमिडोमोनस. हें अंड्याच्या आकाराचें, साऱ्या अंगाची लांबी मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढी. याच्या तोंडाशीं चाबकासारखे दोन केंस असतात. शास्त्रीय भाषेंत त्यांस कशाभिका म्हणतात. पोहणारा मनुष्य दोन्ही हात पुढून मागें मारतो त्याप्रमाणें हा जीव सेकंदांत सुमारें पन्नास वेळां त्या कशाभिका मारतो आणि उजेडाच्या रोखानें पोहत जातो. उजेड कोठें आहे हें समजण्यासाठीं त्याच्या कुशीस एक तांबूस ठिपका असतो. त्यास डोळा म्हणणें धाडसाचें होईल, परंतु त्याचें काम डोळ्याचेंच आहे.

आतां विचार करण्याजोगी गोष्ट अशी. जीव म्हणजे बहुतांशीं पाणी, आणि त्याभोंवतीं तेलाच्या तवंगासारखें दोन थरांचें अतिशय पातळ पटल. अशा वस्तूचा निसर्गसिद्ध आकार एकच, तो म्हणजे थेंबाचा वाटोळा आकार. मग युग्लिना चातीसारखा कां? क्लॅमिडोमोनसाला निदान बाहेरून एक टणक कवच असतें, असें कोणी म्हणेल. पण मिठागरांच्या खारट पाण्यांत राहणारा त्याचा भाऊबंद डुनालिएला याला तेंहि नसतें, आणि तरीहि तो आपला आकार राखून पोहतो. तेव्हां पटलाच्या आंत काड्या असल्या पाहिजेत हें उघड आहे.

त्या काड्या कोणास दिसत नव्हत्या. गंमत अशी कीं त्या दिसण्याआधीं एका मनुष्यानें त्या असल्या पाहिजेत असें सांगून ठेविलें. पॉल ग्रीन या अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञानें नायटेला नांवाच्या लांबट पेशींच्या पाणशेवाळाला कॉल्चिसीन हें विष दिलें. पेशी मेली नाहीं; परंतु लांब वाढण्याऐवजीं ती चोहोंकडे फुगूं लागली. त्यावरून त्यानें १९६२ सालीं अनुमान केलें कीं पेशीच्या सालीलगत प्रथिनाचे कांहीं शिस्तबद्ध धागे असून हें विष त्यांस मोडतें. पुढच्याच वर्षीं, १९६३ सालीं, लेडबेटर व पोर्टर यांनीं वनस्पतींच्या पेशींत पटलाच्या अगदीं आंतून लागून गेलेल्या पोकळ नळ्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकानें दाखविल्या आणि त्यांस सूक्ष्मनलिका असें नांव दिलें. तोंवर त्या कां दिसल्या नाहींत, याचें कारण मोठें साधें आहे. पेशी टिकवून ठेवण्यासाठीं ती ज्या थंडगार रसायनांत बुडवीत त्यांतच बहुतेक नळ्या विरघळून जात. १९६३ सालींच ग्लुटराल्डिहाइड हें रसायन प्रचारांत आलें आणि काड्या शाबूत राहूं लागल्या. पाहण्याच्या तयारींतच पाहावयाची वस्तु नष्ट होत होती!

सूक्ष्मनलिकेची जाडी इतकी कीं ४०,००० नळ्या शेजारीं शेजारीं मांडल्या तर एक मिलिमीटर होईल. ट्युब्युलिन नांवाच्या प्रथिनाच्या जोड्या एकावर एक रचून एक सर होतो, आणि असे सामान्यतः तेरा सर गोलाकार उभे राहून एक नळी होते. छत्रीच्या काडीपेक्षां हिचा स्वभाव मात्र निराळा. हिच्या टोकाला जोड्या सारख्या येऊन चिकटतात व निघून जातात. त्यामुळें काडी वाढते, आखूड होते, नको तेव्हां मोडून तिचा माल दुसऱ्या कामास लावितां येतो. पेशीचे दोन भाग होतांना गुणसूत्रें ओढून नेणाऱ्या दोऱ्याहि याच मालाच्या.

येथें आम्हांला डहाणू-तलासरीच्या रानांत एकवार परत जावें लागतें. श्रावण-भाद्रपदांत तेथल्या, आणि साऱ्या कोंकणच्या, कुंपणांवर एक वेल फुलते. तिच्या पानांचीं टोकें वळून आधाराला पकडतात. फूल आधीं हिरवट-पिवळें आणि मग लालभडक, पाकळ्या ज्वाळांप्रमाणें वर वळलेल्या व कडांना नागमोडी. हीच कळलावी. कंदाचा आकार नांगरासारखा म्हणून संस्कृतांत लांगली, आणि आयुर्वेदानें हिची गणना उपविषांत केलेली आहे. कळलावी हें नांव कां पडलें तें आमच्या वडीलधाऱ्या वाचकभगिनींस सांगावयास नको. या वेलींत, विशेषतः कंदांत व बियांत, जें विष आहे तें कॉल्चिसीनच होय. पॅरिसच्या पेल्तिए व काव्हांतू यांनीं तें १८२० सालीं कॉल्चिकम या युरोपांतील रोपापासून वेगळें काढलें. पण आमच्या कुंपणावर तें फार पूर्वींपासून फुलत आहे. हें विष ट्युब्युलिनच्या जोडीला असें जखडतें कीं नळीची बांधणी तेथेंच अडते. अल्प मात्रेंत डॉक्टर तें वातरक्तावर देतात. मात्रा चुकली तर गोष्ट जिवावर येते. कंद खाल्ल्यावर कांहीं तासांनीं ओकाऱ्या व जुलाब सुरू होतात, पुढें रक्तांतील पेशी घटतात, आणि रोगी वांचलाच तर केंस गळतात. कारण ज्या ज्या ठिकाणीं पेशींचें विभाजन चालू असतें तेथें तेथें दोऱ्याच तयार होत नाहींत. रानांतून आणलेले कंद ज्या घरांत शिजतात तेथें जाणत्या माणसाच्या हातून आल्यावांचून कोणताहि अनोळखी कंद चुलीवर चढवूं नये, आणि फूल देखणें म्हणून ही वेल अंगणांत लावलीच तर मुलांचे हात तिच्यापासून दूर राहतील असें करावें.

याच विषाचा एक प्रयोग आमच्या हिरव्या जिवावर झालेला आहे. क्लॅमिडोमोनसाच्या कशाभिका तोडल्या तर तो तासा-दोन तासांत नव्या उगवतो. पाण्यांत कॉल्चिसीन घातलें तर त्या उगवत नाहींत. कारण कशाभिका म्हणजे पटलाच्या म्यानांत घातलेल्या सूक्ष्मनलिकाच. रोझेनबाउम व त्याच्या सहकाऱ्यांनीं हा प्रयोग १९६९ सालीं प्रसिद्ध केला, आणि त्यांतच आणखी एक मौज त्यांना दिसली. दोहोंपैकीं एकच कशाभिका तोडली तर शाबूत असलेली दुसरी आपण होऊन आखूड होऊं लागते, नवी वाढूं लागते, आणि दोघी सारख्या लांबीच्या झाल्या म्हणजे मग मिळून वाढतात. एका भावाचें गेलें असतां दुसऱ्यानें आपली पानें त्याच्याकडे सरकवावीं, असा हा प्रकार! एकत्र कुटुंबांतल्या वाचकांस यांत नवल वाटणार नाहीं. ज्यांनीं वांटण्या पाहिल्या आहेत त्यांस कदाचित् वाटेल.

इतका वेळ आम्ही काड्यांविषयीं बोललों. टाक्यांचें काय? काडी पटलालगत आहे एवढ्यानें भागत नाहीं. युग्लिनाच्या अंगावर पटलाखालीं प्रथिनाच्या लांब पट्ट्या असतात, कौलारू छपरावरच्या कौलांप्रमाणें एकमेकींत अडकलेल्या. आणि प्रत्येक पट्टीच्या खालीं तिच्याशीं समांतर अशा कांहीं सूक्ष्मनलिका धांवतात. पट्ट्या एकमेकींवरून सरकल्या कीं अंग आक्रसतें किंवा लांबतें. क्लॅमिडोमोनसांत कशाभिकांच्या बुडाशीं दोन लहान खुंट असतात. प्रत्येक खुंटापासून निघालेले धागे त्यास पटलाशीं घट्ट जखडून ठेवितात, आणि त्या खुंटांपासून सूक्ष्मनलिकांच्या चार जुड्या पटलाखालून चार दिशांना उतरतात: एकीआड एक, चार नळ्यांची आणि दोन नळ्यांची. तो तांबूस ठिपका पेशीच्या कुशीस नेहमीं त्याच जागीं असतो, कारण तो यांतील एका ठराविक चार नळ्यांच्या जुडीच्या वाटेवर बसलेला असतो. जुडी ढळली तर ठिपकाहि जागा सोडतो, आणि उजेडाचा अंदाज चुकतो.

पण सर्वांत नाजूक शिवण आहे ती कशाभिकेच्या गळ्यापाशीं. तेथें जोडनळ्यांच्या नऊ जोड्या वर्तुळांत उभ्या असतात आणि प्रत्येक जोडीपासून पटलापर्यंत दोन फांट्यांचा, गोफणीच्या बेचकीसारखा, एकेक दुवा गेलेला असतो. हे दुवे बारीक आहेत, परंतु त्यांच्याकडे दोन कामें आहेत. पटल व नळ्या यांच्यांतील अंतर सगळीकडे सारखें ठेवणें हें एक. दुसरें काम द्वारपालाचें. कशाभिकेंत प्रथिनें बनत नाहींत. लागणारा सगळा माल पेशींतून आंत जावा लागतो आणि वापरलेला परत यावा लागतो. ही वाहतूक नळ्यांच्या रुळांवरून वरखालीं चालते, हें १९९३ सालीं याच शेवाळांत प्रथम डोळ्यांनीं दिसलें. असा माल वाहणाऱ्या प्रथिनांचा अभ्यास मुंबईस कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंतहि झालेला आहे. डहाणू रोडहून २०१३ पासून जी लोकल सुटते तिच्या शेवटच्या स्थानकापासून ती जागा फार लांब नाहीं. तर या रुळांच्या तोंडाशीं, कोणास आंत सोडावें आणि कोणास नाहीं, हें हे दुवे ठरवितात.

द्वारपाल कोण, याचा उलगडा २०१० सालीं झाला. सेप-२९० नांवाचें एक भलें मोठें प्रथिन या दुव्यांपाशींच बसलेलें असतें, असें क्रेज, विटमन व त्यांचे सहकारी यांनीं दाखविलें. ज्या शेवाळांत त्या प्रथिनाचें जनुक बिघडलेलें होतें तेथें दुवे धड बनत नव्हते. पटल नळ्यांपासून सुटून जागोजाग फुगत होतें. आणि कशाभिकेंतील प्रथिनांचें प्रमाण पार बदलून गेलें होतें. काड्या होत्या, कापडहि होतें. टाके नव्हते.

आतां वाचक विचारतील कीं डबक्यांतील शेवाळाचे टाके तुटले तर आमचें काय बिघडलें? बिघडतें तें असें. त्या हिरव्या जिवाची कशाभिका आणि आपल्या शरीरांतील कित्येक पेशींवरचा एक बारीक केंस हीं एकाच घडणीचीं आहेत. मूळ इतकें जुनें कीं शेवाळ व मनुष्य यांच्या वाटा फुटण्यापूर्वींचें. आपल्या डोळ्यांच्या पडद्यांत उजेड टिपणाऱ्या ज्या पेशी आहेत त्यांच्या दोन भागांना जोडणारा चिंचोळा पूल म्हणजे हाच कशाभिकेचा गळा. पुलापलीकडच्या भागांत उजेड टिपणाऱ्या चकत्यांची चळत असते. तिचा सुमारें दहावा भाग रोज झिजतो व रोज नवा बनतो, आणि त्याचा सगळा माल त्या पुलावरून जातो. पुलावरचा द्वारपाल तोच, सेप-२९०. बिघडलेल्या जनुकानें तो निकामी झाला तर पलीकडच्या भागाची उपासमार होते. जन्मतःच किंवा पहिल्या वर्षांतच मुलाची दृष्टि जाण्याचा एक रोग लेबर या जर्मन नेत्रवैद्यानें १८६९ सालीं नोंदविला होता. त्याच्या अनेक कारणांपैकीं हें एक महत्त्वाचें कारण आहे, असें २००६ सालीं उघडकीस आलें. मूत्रपिंडांचेंहि तसेंच. तेथील पेशींवर एकेक स्तब्ध केंस असतो. क्लॅमिडोमोनसाच्या कशाभिकेंत माल वाहणारें जें एक जनुक आहे त्याचाच जोडीदार उंदरांत बिघडला कीं मूत्रपिंडांत पाण्याच्या पिशव्या होतात, हें २००० सालीं दिसून आलें. पिढ्यान्पिढ्या मूत्रपिंडें निकामी होत आलेल्या घरांना या शोधाचा अर्थ निराळा समजवावयास नको.

मूत्रपिंडांचा तो नेहमीं आढळणारा रोग एकाच पालकाकडून मुलाकडे येतो. डोळ्यांच्या रोगाची चाल मात्र वेगळी आहे, आणि ती घरांतल्या वडील मंडळींनीं समजून घेण्यासारखी आहे. प्रत्येक जनुकाच्या आपल्याजवळ दोन प्रती असतात, एक आईकडची व एक बापाकडची. सेप-२९० ची एक प्रत धड असली तरी काम भागतें. सदोष प्रत बाळगणारा मनुष्य जन्मभर उत्तम पाहतो आणि त्याला कांहीं ठाऊकहि नसतें. दोन्ही सदोष आल्या तरच मूल अंध होतें. आपल्याकडे कित्येक घराण्यांत मामाची मुलगी करण्याची चाल आहे. देशस्थांत ती रूढ, कोंकणस्थांत निषिद्ध. समजा, आजोबांजवळ एक सदोष प्रत आहे. ती मुलाकडे येण्याचा संभव निम्मा, मुलीकडे येण्याचा निम्मा. तेथून नातीकडे व नातवाकडे येण्याचा पुन्हां निम्मा-निम्मा. म्हणजे मामेबहीण व आतेभाऊ या दोघांकडेहि ती पोंचण्याचा संभव १६ पैकीं १, आणि त्यांच्या एखाद्या मुलाकडे दोन्ही प्रती सदोष येण्याचा ६४ पैकीं १. परक्या घरांत लग्न झालें तर समोरच्याजवळहि तोच दोष असण्याचा संभव फारच थोडा. नातें आवडतें असलें, मुलगी घरची असली, तरी हा हिशेब बदलत नाहीं. पत्रिका पाहतांना आपण नाडी पाहतों. हा हिशेब तेथें पाहिला जात नाहीं, असें आम्हांस स्पष्ट म्हणावेंसें वाटतें.

उपचाराच्या दिशेनें एक पाऊल पडलें आहे. सेप-२९० चें जनुक इतकें लांब कीं धड प्रत डोळ्यांत पोंचविणाऱ्या विषाणूच्या वाहनांत तें मावत नाहीं. म्हणून शास्त्रज्ञांनीं सदोष जागाच कापून काढण्याचा मार्ग धरला. क्रिस्पर नांवाची ही कात्री मनुष्याच्या शरीरांतच चालविण्याचा पहिला प्रयोग २०२० च्या मार्च महिन्यांत अमेरिकेंतील ऑरेगन राज्यांत झाल्याचें जाहीर झालें, आणि तो या जनुकावरच होता. २०२४ सालीं त्याचा निकाल प्रसिद्ध झाला: १४ रुग्णांपैकीं ११ जणांत कोणत्या ना कोणत्या कसोटींत कांहीं सुधारणा दिसली. परंतु हा उपाय त्या जनुकांतील एका विवक्षित चुकीपुरताच आहे, आणि त्या रोगाचीं इतर जनुकें वीसहून अधिक आहेत. तेव्हां ज्या घरांत तान्हें मूल दिव्याकडे पाहत नाहीं, नजर भिरभिरती ठेवतें, डोळे सारखे बोटांनीं दाबतें, तेथें "मोठें झाल्यावर सुधारेल" म्हणून वाट पाहूं नये. नेत्रवैद्याकडे लगेच न्यावें. कोणत्या जनुकांत चूक आहे हें रक्त तपासून सांगतां येतें. वैद्य पहिल्याच भेटींत आई-बापांचें एकमेकांशीं पूर्वीं कांहीं नातें होतें काय, आणि दोन्ही कुळांत तीन पिढ्यांत कोणास लहानपणीं दिसेनासें झालें होतें काय, असें विचारतात. मुलाच्या आई-बापांस तें बहुधा सांगतां येत नाहीं. आजीला येतें, तिला बरोबर न्यावें.